दार उघडं असताना

फोरमन भाऊराव माती कालवायच्या मोठ्या मिक्सरचं दार सताड उघडं ठेवून आत उतरले, पात्यांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “दाब, श्रीरंग.”

श्रीरंगचं बोट हिरव्या बटणावर होतं. ते तिथंच राहिलं.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या विटांच्या कारखान्यात मिक्सरचं दार उघडं असलं की मोटर फिरायला नको. दाराला तसा स्विच आहे. पण स्विच सैल. जरा धक्का बसला की दार बंद असूनही मोटर चालवणारा ड्राइव्ह फॉल्ट दाखवून थांबायचा, काम खोळंबायचं. म्हणून कुणीतरी तारेचा तुकडा जोडून स्विचला बगल दिली होती. आज सकाळी लाइट गेली, तेव्हा चिकटलेली माती खरवडायला हेल्पर अंबादास नेहमीसारखा उतरू लागला. एक पाय आत, आणि लाइट आली. बटण दाबलेलंच राहिलं होतं; पाती फिरली. चप्पल गेली, पाय वाचला.

तार कुणी जोडली? इलेक्ट्रिशियन अच्युत म्हणाला, मी नाही. ऑपरेटर श्रीरंग म्हणाला, मी काहून जोडू? दोघंही प्रश्न संपायच्या आत बोलले. भाऊरावांचा तीस वर्षांचा अनुभव असा, की खरं बोलणारा आधी जरा आठवून पाहतो.

“कोणीच जोडली नाही ना? मग मोटर फिरत नाही. दाब.”

“काका, बाहेर या!” अच्युत ओरडला. “मीच लावली. पॅनलमध्ये. काढतो, आत्ता काढतो!”

भाऊराव निवांत बाहेर आले. खिशातून मोटरचे तीन फ्यूज काढून त्यांनी टेबलावर ठेवले. “मी काय पागल आहे?”

सकाळपासून पहिल्यांदा अंबादास हसला. हसताना दात वाजत होते.

अच्युतनं तुकडा काढला. भाऊरावांनी सगळ्यांच्या देखत फ्यूज परत बसवले. दुरुस्तीनंतर आधी आपण आत उभं राहायचं, मग दुसऱ्याला पाठवायचं, ही त्यांची रीत. ते पुन्हा उतरले. दार उघडंच.

“चलो, आता दाब.”

बोट हललं नाही.

“अरे दाब न! काहून थांबून राहिला? तार तर निघाली.”

श्रीरंगनं हात मागे घेतला, शर्टाला पुसला. “काका, दाराजवळ स्विचच्या डबीत अजून एक तार आहे,” तो म्हणाला. “माझी.”

भाऊरावांनी आधारासाठी पातं धरलं आणि लगेच सोडलं. अच्युतनं काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं.

अंबादास रोज दोनदा त्या दारातून आत उतरायचा.

“कधीपासून, भैया?” त्यानं विचारलं.

श्रीरंग बोटांवर महिने मोजायला लागला. एका हाताची बोटं संपली, तेव्हा त्यानं दुसरा हात पुढे केला.