एका बाजूनं जाड रांजण

"हातमोजा घट्ट होतोय का, आजी?" उत्खननावर पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्या केतकीनं विचारलं.

"न्हाई गं. चालू दे," ठकूबाई कुंभारीण म्हणाली.

समोरच्या रांजणावर मडकं थापटायच्या लाकडी थापीच्या फटक्यांचे वळ होते. ते यंत्रानं वाचले होते, आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्या हातानं हा रांजण थापटला, त्याची चाल हातमोजा जशीच्या तशी चालवून दाखवत होता. ठकूबाईची साठ वर्षं मडकी थापटण्यात गेलेली. तिचा हात लगेच त्या लयीत पडला. धप, धप, धप. रांजण घडवणारा तो जुना हात चांगला मुरलेला होता.

मग फटके हळूहळू हलके होत गेले. शेवटी थापटणं थांबलंच, आणि ओल्या बोटांनी नुसतं चोळणं सुरू झालं.

"इथं कारागीर दमला," केतकी म्हणाली. "म्हणून रांजण या बाजूनं जाड राहिलाय. इथल्या माहितीच्या पाटीवरही तसंच लिहिलंय."

ठकूबाईला हसू आलं. तिचीही कितीतरी मडकी अशीच एका बाजूनं जाड निघायची, आणि त्यापायी तिनं सासूची बोलणी खाल्ली होती.

"दमली न्हाई बाई ती. लेकरू निजलं तिचं. आता आवाज करून कसं चालंल?"

केतकी पाटीकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली. ठकूबाईच्या पायाचा अंगठा, झोळीची दोरी बांधल्यासारखा, हळूहळू मागंपुढं होत होता.