गंज न लागणारी तार

"आमनी बोरनी मोटर दोन वरीसमा गंजी गयी, डाक्टरसाहेब. पोरना कानमानी तार बी गंजी जाई ना?"

भिकुबाईनं विचारलं. तिची धाकटी जाऊ मंजुळा, कल्पूची आई, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसली. जन्मापासून बहिऱ्या, सहा वर्षांच्या कल्पूच्या कानात ऑपरेशन करून तार बसवली, त्याला सहा महिने झाले होते. सोनगीरच्या घरात भिकुबाईनं रोज गंज-गंज लावली होती. आज काही बिघाड निघाला तर मशीन कायमचं काढायचं, इथवर मंजुळा आली होती.

धुळ्याचे डॉक्टर हसले. "लोखंड नाही ते बाई, प्लॅटिनम आहे. अंगातल्या खारट पाण्यात गंजत नाही. वीज एकाच दिशेनं वाहिली तर तेही झिजतं, पण मशीन जेवढी पाठवतं तेवढीच परत घेतं. निर्धास्त राहा."

मंजुळाला रडू फुटलं, आनंदाचं. भिकुबाईच्या जिवाची मात्र तगमग झाली. पोटी पोर नाही. कल्पूच्या हातवाऱ्यांची भाषा साऱ्या घरात तिला एकटीला यायची. सख्खी आईसुद्धा विचारायची, "अक्का, काय म्हनस ही?" आता कल्पू आईच्या एका हाकेला धावत सुटायची, भिकुबाईला ओलांडून. जळणार नाही तर काय!

मंजुळा मशीनचे सेल आणायला रस्त्यापलीकडे गेली. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर भिकुबाई आणि कल्पू, दोघीच. भिकुबाईनं हळूच कल्पूच्या कानामागची, तारेला आवाज पोचवणारी मशीनची चकती काढून मुठीत धरली. "डोकाले इसावा दे, माय."

कल्पू गोंधळली, मग हसली. तिचे हात भराभरा चालू लागले: समोर उसाचा रस, बर्फ घालून, दोघींना. भिकुबाईचे हातही चालू लागले. किती दिवसांनी!

"कल्पू! चाल वं, यष्टी ऊनी!" फाटकातून मंजुळानं हाक मारली.

कल्पूची पाठ तिकडे होती. ती रसाच्या गाडीकडे बोट दाखवत होती.

"कल्पू! ए कल्पू!"

मंजुळाच्या हातातले सेल खाली सांडले. ती धावत आली. "अक्का, आयकत नही ही! काय व्हयनं वं?"

भिकुबाईनं पोरीला जवळ ओढलं, तिच्या डोक्या-कानांवरून आपला पदर घातला. पदराखालची मूठ घट्ट आवळली.

"मी सांगेल व्हतं ना तुले," ती म्हणाली.