दोन बोटांचं अंतर

“मॅडम, नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की बाई मरते का?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून नववीतली शर्वाणी आरोग्याच्या व्याख्यानात सगळ्यांसमोर उभी राहिली होती. पोरी खिदळल्या. ती मात्र हसली नाही. घरी बाळंतपणाला आलेल्या तिच्या ताईला सातवा महिना होता, आणि बरगड्यांवर नागिणीच्या फोडांचा पट्टा उठला होता. त्याच्या दोन टोकांतलं अंतर आई रोज बोटांनी मोजायची. आज सकाळी दोनच बोटं उरली होती. हे सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

“वेढा पुरा झाला म्हणून कुणी मरत नाही गं,” व्याख्यानाला आलेल्या डॉक्टर म्हणाल्या. “लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो. गरोदरपणात एखादीच्या अंगात तो पुन्हा जागा होतो. औषध आहे, पण उशीर नको. ताईला आजच दवाखान्यात घेऊन या. कांजिण्या न झालेल्यांनी तेवढं लांब राहायचं.”

शर्वाणीचा जीव बाकावर टिकेना. कांजिण्या आधी तिलाच झाल्या होत्या, बालवाडीत. सगळे लांब उभे असताना ताईनं तिला कुशीत घेतलं होतं, आणि पंधरा दिवसांनी ताईच फोडांनी भरली होती.

शाळा सुटताच ती पळत घरी पोचली. आई पुन्हा मोजायला बसली होती. ताई भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती.

“आत जाऊ नकोस, तुलाही होईल!” बाबा ओरडले.

“मला होऊन गेल्यात कांजिण्या! बाबा, रिक्षा बोलवा, डॉक्टरांनी आजच बोलावलंय. आणि आई, ती बोटं आवर. आजपासून माझी गादी ताईशेजारी.”