गावातलं एकमेव गिऱ्हाईक

सकुबाईचं भाताचं रोप पिवळं पडायला लागलं आणि लावणीला अख्ख्या गावात माणूस मिळेना. माणसं होती. पण ती सगळी शेठ झाली होती.

मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर लडकूनं भाजक्या मक्याची टपरी टाकली आणि त्याच्या अंगात नवा शर्ट आला. मग काय, घराघरातून एकेक शेगडी रस्त्यावर. धूर इतका, की गाड्या भरदुपारी दिवे लावत, घाटातलं धुकं आलं असं समजून काचा वर करत आणि निघून जात.

"लडकू, आज माझ्याकडं सावडीला ये. उद्या मी तुझ्याकडं येते."

"आन् एवढ्यात गिऱ्हाईक आलं तर, काकी?"

पुढच्या टपरीवर मंगळूचं तेच. त्याच्या पुढच्या कमळचंही तेच. रांग संपेपर्यंत सकुबाईच्या ध्यानात आलं, की इथं सगळेच विकणारे. घेणारी ती एकटी. तिनं पदर खोचला.

"मला कणसं पायजेत. सगळ्यांकडचं एकेक."

शेगड्यांवरचे पंखे थांबले.

"पण घरपोच. खाचरात आणून द्यायची. ज्याची लावणी आधी, त्याचं कणीस आधी."

"आन् पैसे?"

"भाताची झोडणी झाल्यावर."

गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. सगळे शेठ पँटी-लुगडी वर खोचून चिखलात उतरले. मंगळूनं ओळ धरली, की लडकू त्याच्या पुढं. "काकी, माझ्याला लिंबू चोळलंय," कमळ खालूनच ओरडली. सकुबाई इरलं घेऊन बांधावर बसली होती. तोंडात दातांचा दुष्काळ, तरी एकेक दाणा चाखून निकाल देत होती.

"कच्चं हाय. आणखी एक ओळ लाव."

दिवस कलायच्या आत खाचर हिरवंगार होत आलं. लडकूनं कंबर सरळ केली.

"काकी, आमचं पण रोप पिवळं पडलंय. उद्या माझ्या खाचरात कोण येल?"

"टपरी मोड. उद्या तू गिऱ्हाईक हो."

तेवढ्यात, कितीतरी दिवसांनी, बांधापलीकडच्या रस्त्यावर एक गाडी थांबली. शेगड्या विझल्या होत्या, धूर निवळला होता, टपऱ्या लांबूनही दिसत होत्या. हॉर्न वाजला.

"ए, कणीसवाला कुठाय?"

लडकूनं रोपाच्या उरलेल्या मुठीचा बंद सोडला, तो वाकला आणि मान वर न करता म्हणाला,

"मालक शेतावर गेलेत."