कोंबडी आणि मसाला

पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त आहे हे कळलं, की गिऱ्हाईक फोन ठेवून देई. मुलांसाठी गोष्टींची पातळ पुस्तकं छापणाऱ्या काकांना त्याची सवय झाली होती. आज मात्र माकडाच्या गोष्टीचा दुसरा भाग मागणारी मुलगी हटेना.

"काका, आजी म्हणते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ती नाही देणार पैसे."

काका हसले. "आजीचं खरं आहे, बाळा. पण कुरिअरवाला अर्ध्या किलोपर्यंत एकच दर लावतो. तुझं पुस्तक त्यात एकटंच जातं, रिकाम्या बसमधल्या प्रवाशासारखं. आणखी चार वाचणारे शोध. मग मसाला पाच जणांत वाटला जाईल."

"आमच्या गल्लीत कुणी वाचतच नाही हो," म्हणत तिनेही फोन ठेवला. काकांनी पुस्तक फडताळात परत ठेवलं.

आठवड्याने पुन्हा तिचाच फोन. "काका, पाच प्रती पाठवा."

"अगं, गल्लीत कुणी वाचत नव्हतं ना?"

"नव्हतंच! म्हणून मी रोज संध्याकाळी जिन्यात बसून पहिला भाग मोठ्याने वाचला. माकड विहिरीत पडतं तिथे तो संपतो ना? आता सगळ्यांच्या जिवाला घोर लागलाय. इस्त्रीवाले काका तर रोज विचारतात, निघालं का ते वर?"

काकांनी हसत हसत पाच प्रती काढल्या.

"आणि काका, अर्ध्या किलोत सहावी बसते का बघा ना. आजी म्हणते, मसाला काही एवढा महाग नाही."