अरबाची जागा

१९२० सालच्या नवरात्राचा पहिला दिवस. म्हैसूरच्या अग्रहारातल्या घरात गोदावरीबाई गोंबे, म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्या, पायऱ्यांवर मांडत होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर त्यांनी यंदाचे चार नवे मातीचे बाहुले ओळीनं ठेवले: इंग्रज, अरब, फ्रेंच आणि कडेला आपला म्हैसूरचा भालेवाला घोडेस्वार. महायुद्धावरून परतलेल्या त्यांच्या यजमानांनी, शंभूरावांनीच, ते कुंभाराकडून हौसेनं करवून घेतले होते. तिकडे तुर्कांविरुद्ध हे चौघे एकाच बाजूनं लढले होते. पण आज शंभूरावांनी पुढे होऊन अरबाला उचललं. "अय्यो, त्याला का काढलंत? वाळवंटात तुम्हाला पाणी दाखवणारा हाच ना?" "हाच. फ्रेंचांनी तोफा लावून त्याचं दमास्कस घेतलं." "आणि इंग्रज? त्यानं तर याला स्वतःच्या राज्याचा शब्द दिला होता म्हणालात." "तो बघत राहिला." अरबाला पंच्यात गुंडाळून शंभूरावांनी पेटीत ठेवलं. ते वळले तेव्हा समई लागली होती. पायरीवर रिकामी जागा ठेवत नाहीत, म्हणून गोदावरीबाईंनी कडेचा घोडेस्वार उचलून इंग्रज आणि फ्रेंच यांच्या मधे बसवला होता. शंभूरावांचा हात झटकन पुढे गेला. गोदावरीबाईंनी तो हात धरला. "आता नको हो. दिवा लागला. विजयादशमीपर्यंत कुणालाही हलवायचं नाही." शंभूराव बघत राहिले. कुंभारानं इंग्रजाचा चेहरा हसरा रंगवला होता. मघाशी अरबाशेजारी तो जसा हसत होता, तसाच आताही हसत होता.