बिनचिठ्ठीची बाटली

खजुरावर फवारणी करताना भिवाजीच्या तोंडाला फेस आला आणि तो शिडीवरच लुळा पडला. बायको कोंडाबाई वर चढली. दोराने बांधून तिने त्याला कसंबसं खाली उतरवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “औषध कोणतं होतं?” कोंडाबाईने सोबत आणलेल्या फवारणीच्या बाटलीवर चिठ्ठीच नव्हती. तिने बागमालकाला फोन लावला.

“निंबोळीचा अर्क होता,” मालक म्हणाले. “त्यानं माणसाला काही होत नाही.”

भिवाजीचा श्वास घरघरत होता.

“मालक, बाटलीत घोटभर उरलंय,” कोंडाबाई म्हणाली. “इथं या आणि माझ्यासमोर पिऊन दाखवा.”

मग मालकांनी बंदी असलेल्या औषधाचं नाव सांगितलं.

डॉक्टर त्यावरचं इंजेक्शन आणायला धावले. दुसऱ्या दिवशी दुपारी भिवाजीने पाणी मागितलं.